विधवेची गाय : ख्रिस्ती दानधर्माच्या इतिहासातील एक प्रकरण

आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव होत आहे. 'जुबिली' या शब्दाचे मूळ इब्री भाषेतील 'योबेल', म्हणजे मेंढ्याचे शिंग, या शब्दात आहे. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ५० व्या वर्षी शिंग फुंकले जाई, आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येई. म्हणजे जुबिली हा मुळात रोषणाईचा सण नव्हे. ज्याच्या हातून उपजीविकेचे साधन गेले, त्यास ते परत देण्याचा तो सण होय. म्हणून विधवांच्या साहाय्याचा इतिहास या अंकात थोडक्यात सांगावा असे आम्हांस वाटले.

ईयोब दुष्टांची कृत्ये सांगतो, त्यांत विधवेचा बैल गहाण म्हणून नेणे हे एक आहे. बैल गेला की नांगर थांबतो व पाठोपाठ चूल विझते, हे शेतकरी वाचकांस समजावून सांगावयास नको. उलट अनुवाद ग्रंथाची आज्ञा अशी की, मुक्त झालेल्या दासास रित्या हाताने न पाठविता आपल्या कळपातून व खळ्यातून त्यास सढळपणे द्यावे. एलिशा संदेष्ट्याने कर्जबाजारी विधवेचे तेल चमत्काराने वाढविले खरे; परंतु ते विकून कर्ज फेडण्याचे काम तिच्याकडेच ठेविले.

नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात, रोजच्या वाटपात विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार उठली, तेव्हा सात सेवक निवडण्यात आले. इ. स. २५१ च्या सुमारास पोप कोर्नेलियुस यांनी लिहिलेल्या पत्रावरून दिसते की, रोमची ख्रिस्तमंडळी १५०० हून अधिक विधवा व गरजू लोकांचे पोषण करीत होती. हे कार्य थोर होते. परंतु भाकरी रोज संपते, आणि घेणारीचा हात रोज पसरलेलाच राहतो.

या अडचणीवर एक उपाय आमच्या पंथाबाहेरील एका गृहस्थास सुचला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चर्च ऑफ द ब्रेदरन या मंडळीचा डॅन वेस्ट हा अमेरिकन शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७-३८ च्या सुमारास, निर्वासितांस दूध वाटीत होता. पेल्याने दूध किती काळ पुरणार? त्यापेक्षा गायच का देऊ नये? मायदेशी परतून त्याने हा विचार लोकांपुढे मांडला, आणि १९४४ साली १७ कालवडी पोर्तो रिकोस रवाना झाल्या. अट एकच होती: होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबास द्यावी. या अटीमुळे काल दान घेणारा आज दाता झाला.

हीच अट रवांडात अधिक खोल अर्थाने प्रगट झाली. १९९४ सालच्या संहारात तेथे अगणित स्त्रिया विधवा झाल्या. आश्रयास आलेल्यांचे रक्त देवळांतही सांडले. या पापाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली देवाची क्षमा मागितली. तेथील सरकारने २००६ साली 'गिरिंका' ही योजना आरंभिली. या शब्दाचा अर्थ 'तुझ्याकडे गाय असो' असा आहे. गरीब घरास एक गाय मिळते व तिची पहिली कालवड शेजारच्या गरीब घरी जाते. आजवर ३ लाखांहून अधिक गाई अशा दिल्या गेल्या आहेत. जेथे शेजाऱ्याने शेजाऱ्यास मारिले, तेथे शेजाऱ्याच्या दारी कालवड बांधणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि नुसते जनावर देऊन भागत नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिदरिद्री स्त्रियांस जनावराबरोबर काही काळ खर्चास पैसे, निगेचे शिक्षण आणि वरचेवर घरी विचारपूस, असे सर्व दिले. या पद्धतीची परीक्षा भारतासह सहा देशांत झाली, व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी साहाय्य थांबल्यावर वर्षभरानेही कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच होती. होंडुरासमध्ये मात्र वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या, आणि दानही त्यांच्याबरोबर गेले.

आता आपल्याकडे वळू. निम्म्या वाट्याने शेळी राखावयास देण्याची चाल आपल्या खेड्यांत आहे. तीत अर्धी करडे धन्याकडे परत जातात. आम्ही सुचवितो की, ती धन्याकडे न जाता पुढच्या विधवेकडे जावी. कित्येक नाताळांत आम्ही विधवांच्या हाती धान्याची पिशवी ठेविली व समाधान मानिले. एकदा एका वृद्ध बाईने पिशवी घेता घेता विचारले, "फादर, पुढल्या नाताळलाबी म्या ह्याच रांगेत उभी ऱ्हायाची का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तो प्रश्न आजही आमच्या मनात आहे.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या रोषणाईतून जे वाचेल त्यातून गाभण शेळ्या घ्याव्यात, लस व चाऱ्याची तजवीज आधी करावी, आणि पहिले मादी करडू दुसऱ्या विधवेस देण्याचे वचन देवळात, सर्वांसमक्ष घ्यावे. त्या बाईस मात्र पहिली शेळी मिळावी. मग नाताळच्या रांगेत ती आलीच, तर घेणाऱ्यांच्या नव्हे, देणाऱ्यांच्या बाजूस उभी असावी, एवढीच आमची प्रभुचरणी प्रार्थना आहे.