प्रमाण : योगदर्शनात खरे ज्ञान कसे ठरते

पावसाळ्यात सिल्वासा येथे दमणगंगेचे पाणी गढूळ होऊन चढू लागले, की वर नाशिककडच्या सह्याद्रीत पाऊस झाला असावा असे मानले जाते. चढलेले पाणी दिसणे हे प्रत्यक्ष, न पाहिलेल्या पावसाचे ज्ञान हे अनुमान आणि जाणत्याने दिलेली खबर हा आगम. पतंजलींनी योगसूत्रांच्या समाधिपादात ही तीनच प्रमाणे मानली. न्यायदर्शन त्यांत उपमानाची भर घालते.

अनुमान फसूही शकते. मधुबन धरणाचे दरवाजे उघडले, तर त्या दिवशी पाऊस नसतानाही नदी चढते. अशा चुकीच्या ज्ञानाला योगदर्शन विपर्यय म्हणते. व्यासभाष्यात त्याचे उदाहरण दोन चंद्र दिसण्याचे आहे. एक चंद्र नीट दिसताच तो भ्रम बाधित होतो.

आगमाविषयी भाष्यकार अपेक्षेपेक्षा कठोर आहेत. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा अनुमानाने जाणलेली नसेल, तर त्याचा शब्द टिकत नाही. शास्त्र आणि आचार्य खरेच सांगतात हे मान्य करूनही, त्यातील एखादा अंश तरी साधकाने स्वतः अनुभवल्याखेरीज बाकीचे सारे परोक्षच राहते, असे ते पुढे म्हणतात.

स्वामी कुवलयानंद (1883–1966) यांचे कार्य या भूमिकेच्या जवळचे आहे. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे हे डभोईचे, म्हणजे जुन्या बडोदे संस्थानातले. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली आणि 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. बस्तिक्रियेत पाणी वर कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या स्थितीला त्यांनी गुरू माधवदास यांचे नाव दिले.

अर्थात दाबमापकाने आतड्यातला दाब कळतो, समाधी नव्हे. योगदर्शनात प्रमाण हीदेखील चित्ताची एक वृत्तीच आहे. विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती यांच्याबरोबर तिचाही निरोध व्हायचा असतो. निर्विचार समाधीत उदयाला येणारी ऋतंभरा प्रज्ञा ही शब्द आणि अनुमान यांहून वेगळी मानली आहे, कारण ती दोन्ही वस्तूचे सामान्य रूपच सांगू शकतात, तर प्रज्ञेचा विषय वस्तूचा विशेष हा असतो.