बिस्मार्क कोण होता?

मनुष्याची बुद्धी एका आकड्यात सांगण्याची रीत आज जगभर रूढ आहे. तो आकडा ज्या देशात जन्मला, त्याच देशात आम्ही राहतो. म्हणून त्याचा इतिहास आम्हास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टेर्न यांनी बुद्धिगुणांकाची कल्पना मांडली : मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या खऱ्या वयाने भागावे. मात्र एका संख्येत सबंध मनुष्य मावत नाही, हेही त्यांनी बजावले होते. १९३३ मध्ये नाझींनी सत्ता हाती घेतली आणि ज्यू असलेल्या श्टेर्न यांना हॅम्बुर्ग विद्यापीठातून काढून टाकले. १९३८ साली अमेरिकेत, परागंदा अवस्थेत, त्यांचे निधन झाले.

१९३३ च्याच जुलैमध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्यातील कारणांच्या यादीत 'जन्मजात मतिमंदत्व' पहिले होते. ते ठरवण्यासाठी प्रश्न विचारले जात : फ्रान्सची राजधानी कोणती? बिस्मार्क कोण होता? अमेरिकेचा शोध कोणी लावला? निवाडा एक न्यायाधीश व दोन डॉक्टर करीत. सुमारे ४,००,००० माणसे या कायद्याला बळी पडली. त्यांत सर्वाधिक याच कारणाखाली.

हे प्रश्न बुद्धीचे नव्हते, शाळेचे होते. ज्याचे बालपण शेतात राबण्यात गेले, त्याला बिस्मार्क कोठून ठाऊक असणार? आधी दार बंद करावे आणि मग बाहेर राहिलेल्यास अडाणी ठरवावे, ही चाल आमच्या समाजाला नवी नाही. रयतेच्या करावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते आणि रयत मात्र अक्षरशत्रू राहते, हे महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निक्षून सांगितले होते.

युद्धानंतर जर्मनीत आलेल्या परदेशी कामगारांची कितीतरी मुले, केवळ जर्मन भाषा कच्ची म्हणून, मंदबुद्धी मुलांच्या शाळांत घातली गेली. आज येथील बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. आपल्या मुलावर एखादा शिक्का बसत असेल, तर परीक्षा कोणत्या भाषेत झाली आणि तिने काय गृहीत धरले, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

एकेकाळी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलेल्या बाबासाहेबांनी शीलावाचून विद्या घातक ठरते, असे वारंवार सांगितले. नसबंदीच्या निवाड्यांवर सह्या करणारे सारे उच्चविद्याविभूषित होते. त्यांची बुद्धी कोणी तपासली नाही. करुणा तर नाहीच.