बांधावरची बोरी आणि आपले अन्न



“ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी” ही म्हण आपल्या तोंडी नेहमी असते. तू मला ओळखतोस, मी तुला ओळखतो, उगीच मोठेपणा सांगू नकोस, एवढा तिचा अर्थ. पण ही म्हण केली कोणी? ज्यांच्या शिवारात बोरी आणि बाभळी या दोन झाडांना तोटा नव्हता, त्या माणसांनी. परभणीच्या काळ्या रानात बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात ही दोन झाडे कोणी न लावता उगवतात. आपल्या जिंतूर तालुक्यात तर बोरी नावाचे मोठे गावच आहे. आज या बोरीच्या फळाचा इतिहास आपण पाहू. राजेरजवाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. गरिबाच्या ताटातल्या पदार्थाचाही इतिहास असतो, आणि तो काही कमी जुना नाही.

किती जुना म्हणाल? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव मातीखालून वर आले. घरे सापडली, चुली सापडल्या, आणि जळून कोळसा झालेले धान्यही सापडले. कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो हजारो वर्षे टिकतो. त्या दाण्यांत सातू होता, गहू होता, डाळी होत्या. आणि त्यांच्याबरोबर बोराच्या आठळ्या होत्या. म्हणजे शेती करणारा माणूससुद्धा रानात जाऊन बोरे वेचून आणीत होता. याच संस्कृतीची गावे आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही होती. प्रवरेकाठचे दायमाबाद आणि नेवासे ही त्यांतली प्रसिद्ध नावे.

इनामगावची पुढची हकिकत शेतकऱ्याने जरूर ऐकावी. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास तेथे हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांनी मांडले आहे. आधीची चांगली चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती उतरणीला लागली. लोकांचा भार गुराढोरांवर, शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर वाढला. शेवटी 700 च्या सुमारास गावच उठले. पाऊस रुसला की माणूस रानाकडे वळतो, ही आपल्या दख्खनची फार जुनी रीत आहे.

आणि ती एकट्या दख्खनची नाही. तुर्कस्तानात चाताल्हयुक नावाचे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे गाव आहे. तेथेही धान्याबरोबर हॅकबेरी नावाच्या एका रानफळाच्या बिया मोठ्या प्रमाणात मिळाल्या. आपल्या बोरासारखेच ते लहान, वर थोडा गोड गर आणि आत टणक बी. देश वेगळा, झाड वेगळे, पण पोटाची गरज तीच.

आपल्या जुन्या ग्रंथांतही बोर आहे. यजुर्वेदात सौत्रामणी यज्ञाच्या संदर्भात कुवल, कर्कंधू आणि बदर अशी बोराची तीन नावे येतात. तीन नावे असणे म्हणजे लोकांना तीन जाती निरनिराळ्या ओळखता येत होत्या. आपल्याकडची पोरेही चन्यामन्या बोर वेगळे आणि मोठे गोड बोर वेगळे हे बिनचूक सांगतात. कुठल्या बांधावरचे झाड गोड आणि कुठले तुरट, हे गुराखी पोराला पाठ असते. हेही एक शास्त्रच आहे, फक्त ते लिहिलेले नाही.

आता सणांकडे पाहा. भोगीच्या दिवशी आपल्या घरी मिसळीची भाजी होते. तीत हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजर, वालाच्या शेंगा आणि बोरे पडतात, वर तिळाचे कूट. आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. संक्रांतीच्या सुगडात ऊस, हरभरा आणि बोर असते. लहान लेकराला संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण घालतात. शेतात त्या दिवसांत जे जे पिकते, ते ते एकदा तरी प्रत्येकाच्या पोटात गेले पाहिजे, अशी ही व्यवस्था आहे. पोथी वाचता न येणाऱ्या बाईलाही ती पाळता येते. एक मात्र सांभाळा बायांनो: बोरन्हाणात आठळीसकट बोर अगदी लहान लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका. ती घशात अडकते.

हा झाला सुखाच्या दिवसांचा इतिहास. दुःखाच्या दिवसांचाही ऐका. 1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनभर पसरला. 1899–1900 चा दुष्काळ छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या बोलण्यात राहिला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. शेजारच्या मुंबई इलाख्यात 1902 साली गॅमी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने टंचाईच्या दिवसांत लोक रानातल्या कोणत्या वनस्पती खातात, याची टिपणी प्रसिद्ध केली. सरकारदरबारी ती नोंद नवी असेल. वाडीवस्तीवरच्या म्हातारीला मात्र ती यादी लिहायची कधी गरज पडली नव्हती.

मग आला 1972 चा दुष्काळ. तो पाहिलेली माणसे अजून आपल्या गावात आहेत. परदेशातून आलेला तांबडा मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मिलो आणि सुकडीने जीव जगवले, हे खरे. पण रिकाम्या ताटात रंग आला तो तरोटा, घोळ, कुर्डू असल्या रानभाज्यांनी.

आता एक विचार करा. बोर पिकते थंडीत. भूक कडक होते ती चैत्र-वैशाखात, धान्याची कणगी तळाला गेल्यावर. मग थंडीतले बोर उन्हाळ्यात कसे न्यावे? याचे उत्तर आपल्या आयाबायांनी वाळवणात शोधले. पिकलेली बोरे धुवायची, किडकी बाजूला काढायची, कडक उन्हात खडखडीत वाळवायची. मग ती कुटून आठळी वेगळी करायची आणि गरात मीठ, गूळ, हवे तर थोडे तिखट घालून बोरकूट करायचे. हे बोरकूट कोरड्या डब्यात महिनोन् महिने टिकते. वाळलेली बोरे रात्री भिजवून गुळाबरोबर शिजवली, तर भाकरीशी लावायला आंबटगोड तोंडीलावणे होते.

यात शास्त्र काय आहे तेही सांगतो. शंभर ग्रॅम ताज्या बोरात सुमारे 70 ते 75 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्याच्या तोडीचे हे फळ आहे. पेरू आणि आवळा त्याच्याही पुढे. हे जीवनसत्त्व पोटात नसले की हिरड्या सुजतात, रक्त येते, जखमा भरत नाहीत. त्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1940 च्या सुमारास हिस्सार भागात दुष्काळात हा रोग पसरला, तेव्हा आवळ्याची भुकटी देऊन लोकांना बरे केले गेले. लाखमोलाचे औषध रानातल्या झाडावर होते! क जीवनसत्त्वाचा आणखी एक गुण आहे. ज्वारी-बाजरीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली लोह आणि जस्त जास्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. अशा भाकरीबरोबर मूठभर ताजी बोरे खाल्ली, तर त्या लोहाचे चीज होते. भोगीच्या भाकरीशेजारी बोर ठेवणाऱ्या बाईला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, पण ताट तिचे बरोबर होते.

मात्र खोटी आशा नको. क जीवनसत्त्व उन्हाने आणि शिजवण्याने पुष्कळ कमी होते. म्हणून ताजे बोर ताजेच खावे. बोरकूट हे गोडीसाठी, शक्तीसाठी आणि चवीसाठी. बोराने पोट भरत नाही, डाळीची आणि दुधाची जागा ते घेत नाही. बोर उकलून पाहावे, आत अळी असते. आणि ओळख नसलेले रानफळ पोरांनी तोंडात घालू नये.

मित्रहो, हा सारा इतिहास सांगण्याचे कारण आहे. बांधावरची बोरी आता झपाट्याने जात आहे. बांध अरुंद होतात, यंत्राला आडवे येते म्हणून झाड निघते. काटेरी झाड, त्याचा काय उपयोग, असे आपण म्हणतो. पण त्याच काट्यांचे कुंपण होते, पाला शेळ्या खातात, मूळ खोल जाते म्हणून पाऊस चुकलेल्या सालीही झाड तग धरते. आणि बांधावरचे बोर वेचणाऱ्या पोराला सहसा कोणी हटकीत नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या लेकराला फुकट मिळणारे हे फळ आहे. झाड तुटले की आपले काही जात नाही असे वाटते, त्याचे जाते.

शेतकऱ्याला यात पैसाही आहे. रानबोरीच्या खुंटावर उमराण किंवा जळगावच्या मेहरूणसारख्या जातीचा डोळा भरता येतो. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत बोर होतेच. पण बांधावरची दोन झाडे तरी रानबोरीच राहू द्या.

शिक्षकांना एक विनंती. या थंडीत मुलांना घेऊन शिवारात जा. बोरीची झाडे किती, कोणत्या बांधावर, कोणाचे फळ कसे, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या. 1972 पाहिलेल्या आजीला शाळेत बोलवा आणि तेव्हा काय काय शिजवले ते विचारा. इनामगावची माणसे लिहून ठेवीत नव्हती, म्हणून त्यांच्या ताटात काय होते हे कळायला आपल्याला जमीन खणावी लागली. आपल्या आजीचे मात्र नुसते विचारून कळेल. ती आहे तोवर विचारून घ्या.