शेजारचा आवाज भिंतीतून येतोय? साउंडप्रूफिंगवर पैसे घालण्याआधी हे वाचा

शॉपिंग ॲपवर ‘साउंडप्रूफ’ टाइप केलं की काळ्या फोमच्या चौकोनी तुकड्यांची रांग लागते. यूट्यूबर्सच्या मागच्या भिंतीवर दिसतात ना, तेच. शेजारचा टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून हे घेणार असाल, तर जरा थांबा. या फोमने शेजारचा आवाज थांबत नाही. तो का थांबत नाही आणि मग कशाने थांबतो, ते बघू.

फोम नेमकं काय करतो?

आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम पहिलं काम करतो. तुमच्याच खोलीत भिंतींवर आपटून परत येणारा आवाज तो कमी करतो, म्हणून रेकॉर्डिंग स्वच्छ येतं. अडवायला मात्र वजन लागतं. साडेचार इंची विटांच्या भिंतीचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतं. दोन इंची फोमचं असतं जेमतेम एक-दीड किलो. २०० किलोतून जो आवाज आरपार आला, तो या किलोभराला काय जुमानणार? अंड्यांचे ट्रे आणि पडदे यांचंही तेच.

शिवाय साधा पॉलीयुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. स्विचबोर्डच्या आजूबाजूला तो चिकटवूच नका.

आधी फोनने वाट शोधा

आवाज तीन वाटांनी येतो: फटींमधून, भिंतीच्या आरपार आणि हादऱ्यांमधून. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी वाट कोणती ते ओळखा.

१. डेसिबल मीटरचं एखादं ॲप घ्या. त्याला फक्त मायक्रोफोनची परवानगी लागते. कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर दुसरं ॲप बघा.
२. शेजाऱ्यांना विश्वासात घ्या आणि त्यांच्या खोलीत ब्लूटूथ स्पीकरवर ‘पिंक नॉइज’ लावा. यूट्यूबवर सहज मिळतो.
३. खिडक्या, पंखे बंद करून आधी त्यांच्या आणि मग तुमच्या खोलीत मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे भिंतीने अडवलेला आवाज.
४. मग फोन भिंतीलगत हळूहळू फिरवा. स्विचबोर्ड, एसीच्या पाइपचं भोक, छताचा कोपरा, दाराची चौकट. जिथे आकडा उसळतो, तिथे फट.

ॲपमध्ये ‘ए’ आणि ‘सी’ असे पर्याय असतील तर बोलण्याच्या आवाजासाठी ‘ए’ ठेवा, बाससाठी ‘सी’. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण तोच फोन त्याच जागी धरला तर आधी-नंतरची तुलना नीट करता येते.

पहिला उपाय: फटी बुजवा

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. समजा, १० बाय १० फुटांची भिंत ४५ डेसिबल आवाज अडवते. तिच्यात सव्वा इंच बाय सव्वा इंचाचं एकच आरपार भोक असेल, तर हिशेबाने ती जेमतेम ३९ डेसिबल अडवते. भोक एक चौरस फुटाचं असेल, तर भिंत कितीही भारी असली तरी आकडा २० च्या वर जात नाही.

बारीक फटींसाठी न कडकणारा, लवचिक सीलंट वापरा. मोठ्या भोकात आधी सिमेंट, मग कडेने सीलंट. दोन घरांचे स्विचबोर्ड भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले असतील, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून त्यामागची पोकळी आगरोधक पुटीने बंद करून घ्या. हे काम स्वतः करू नका.

दुसरा उपाय: हादरे तोडा

मिक्सर, भिंतीवर ठोकलेला टीव्ही, भिंतीला टेकवलेला सबवूफर. यांचा आवाज हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त जातो. मिक्सर, वॉशिंग मशीनखाली जाड रबर मॅट टाका, स्पीकर भिंतीपासून दूर घ्या. बऱ्याचदा हे शेजाऱ्यांच्या घरात करावं लागतं, म्हणून मॅट आपणच नेऊन दिलेली बरी.

तिसरा उपाय: भिंतीपुढे दुसरी भिंत

फटी बुजवूनही बोलणं स्पष्ट ऐकू येत असेल, तर भिंतच कमी पडते आहे. नव्या इमारतींतले एएसी ब्लॉक तेवढ्याच जाडीच्या विटांपेक्षा साधारण एक तृतीयांश वजनाचे असतात, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. पण वजन दुप्पट केलं तरी फक्त पाच-सहा डेसिबलचा फायदा होतो आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून प्लास्टरवर प्लास्टर चढवून उपयोग नाही.

त्याऐवजी जुन्या भिंतीला न टेकणारी मेटल फ्रेम जमीन आणि छत यांच्यामध्ये उभी करतात. तिच्यात ५० मिलिमीटर रॉकवूल आणि वर १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर. एका थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येता कामा नयेत आणि चारही कडांना सीलंट हवा. खोलीतले साधारण चार इंच जातात. कारागीर ‘बोर्ड डायरेक्ट भिंतीवर मारतो, स्वस्तात होईल’ म्हणाला तर ऐकू नका. मध्ये अगदी कमी पोकळी राहिली तर बास उलट जास्त घुमू शकतो.

भाड्याने राहत असाल तर?

फ्रेमचा खर्च करू नका; घर सोडताना ती तिथेच राहणार. फटी बुजवा आणि पलंग सामाईक भिंतीपासून लांब, दुसऱ्या बाजूला घ्या. पुस्तकांनी गच्च भरलेलं, भिंतभर कपाट त्या भिंतीपुढे ठेवलं तर थोडा फरक पडतो, पण चमत्काराची अपेक्षा नको.

आणि एक लक्षात ठेवा. भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच असते. तुम्हाला शेजारचं बोलणं शब्दन् शब्द कळत असेल, तर रात्री स्पीकरवर टाकलेला तुमचा कॉलही पलीकडे तितकाच स्पष्ट पोहोचतोय. हेडफोन लावा. तेवढं तर आजपासून फुकटात होईल.