ड्रेक, निक

ड्रेक, निक : (१९ जून १९४८ – २५ नोव्हेंबर १९७४). इंग्लिश गायक, गीतकार, संगीतरचनाकार व गिटारवादक. पूर्ण नाव निकोलस रॉडनी ड्रेक. ब्रिटनमध्ये लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची चळवळ भरात असताना तो विशीच्या आतच स्वतः रचलेली गाणी गाऊ लागला आणि १९६९ ते १९७२ या काळात त्याने तीन अल्बम प्रसिद्ध केले. त्याच्या हयातीत यांपैकी एकाचाही खप ५,००० प्रतींपलीकडे गेला नाही, असे सामान्यतः मानले जाते. आज मात्र या तिन्हींची गणना विसाव्या शतकातील इंग्रजी गीतसंगीताच्या श्रेष्ठ कृतींत होते. त्याचे जाहीर कार्यक्रम मोजकेच झाले आणि त्यांतील बरेचसे फसले. त्याच्या कारकीर्दीचा विचार करताना ही बाजू वगळता येत नाही. कारण ज्या गुणांमुळे त्याची ध्वनिमुद्रिते टिकली, तेच गुण रंगमंचावर त्याच्या आड आले.

जन्म, कुटुंब व शिक्षण : ड्रेकचा जन्म ब्रह्मदेशात रंगून (आताचे यांगून) येथे झाला. त्याचे वडील रॉडनी हे अभियंता असून सागवानाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीत नोकरीस होते. पुढे अभिनेत्री म्हणून नावारूपास आलेली त्याची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोर येथे झाला. ब्रिटिश साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांतील हे वास्तव्य संपवून कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यातील ‘फार लीझ’ या घरात स्थायिक झाले. आई मॉली घरी पियानोवर स्वतःची गाणी रचून गात असे. ही गाणी तिच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली, तेव्हा मुलाच्या रचनांतील उदास पण संयत सुराचा उगम आईच्या संगीतात असल्याचे अनेक समीक्षकांच्या ध्यानात आले. मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत ड्रेक पियानो, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजवीत असे आणि धावण्याच्या शर्यतींतही चमकत असे. गिटार त्याच्या हाती आली ती १९६५ च्या सुमारास. १९६७ मध्ये काही महिने तो फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे राहिला आणि तेथे त्याने रस्त्यावर गाण्याचाही अनुभव घेतला. त्याच वर्षी इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी त्याने केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात प्रवेश घेतला; परंतु संगीतासाठी १९६९ मध्ये पदवी पूर्ण न करताच त्याने शिक्षण सोडले.

पदार्पण : १९६८ च्या सुमारास लंडनच्या कॅम्डन भागातील राउंडहाउस या सभागृहात झालेल्या एका कार्यक्रमात ॲशली हचिंग्ज याने ड्रेकचे गाणे ऐकले. हचिंग्ज हा फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वृंदाचा बेस गिटारवादक होता आणि इंग्लिश लोकगीतांना विद्युत वाद्यांची जोड देण्याच्या प्रयोगात हा वृंद अग्रेसर होता. हचिंग्जच्या शिफारशीवरून अमेरिकन निर्माता जो बॉइड याने ड्रेकच्या गाण्यांची नमुनाफीत ऐकली आणि विचसीझन या आपल्या संस्थेतर्फे त्याच्याशी करार केला. ध्वनिमुद्रिकांचे वितरण आयलंड रेकॉर्ड्स ही कंपनी करणार होती. वयाची विशी गाठता गाठता ड्रेकला निर्माता, उत्तम स्टुडिओ आणि निष्णात साथीदार लाभले. तेथवर पोहोचण्यासाठी इतर लोकगायकांना वर्षानुवर्षे गावोगावच्या क्लबांत गावे लागे. ती उमेदवारी ड्रेकच्या वाट्याला आली नाही आणि तिची उणीव त्याला पुढे भासली.

वादन व रचनाशैली : ड्रेकच्या संगीताचा पाया त्याचे गिटारवादन हा आहे. पोलादी तारांच्या साध्या, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या, गिटारवर तो उजव्या हाताच्या अंगठ्याने खालच्या सुरांची लय सांभाळीत असे आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर स्वतंत्र सुरावट विणीत असे. त्यामुळे एकाच वाद्यातून दोन-तीन वाद्यांचा भास होतो. गिटारच्या सहा तारा ठरावीक स्वरांत लावण्याची प्रचलित पद्धत सोडून अनेक गाण्यांसाठी तो त्या निरनिराळ्या स्वरांत लावीत असे. अशा जुळणीमुळे मोकळ्या तारा गाण्याच्या स्वरांशी सतत गुंजत राहतात आणि नेहमीच्या जुळणीत बोटांना न पेलणारे स्वरमेळ सहज हाती येतात. मात्र एका गाण्याकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी तारा नव्याने जुळवाव्या लागतात. त्याचा आवाज मंद्र, काहीसा कुजबुजता आणि श्वासाचा स्पर्श असलेला होता. शब्दांची फेक तो तालाच्या किंचित मागे ठेवी, त्यामुळे अचूक चालणारी गिटार आणि रेंगाळणारा गळा यांत एक नाजूक ताण निर्माण होतो. त्याच्या गीतांत ऋतू, पाऊस, नदी, चंद्र, झाडे अशा निसर्गप्रतिमा वारंवार येतात. ब्लेक व येट्स यांच्यासारख्या कवींच्या वाचनाचा संस्कार त्यांच्यावर असल्याचे सांगितले जाते. लोकसंगीताच्या चौकटीत त्याची गणना होत असली, तरी पारंपरिक लोकगीते हे त्याच्या गायनाचे मुख्य द्रव्य नव्हते. लोकगायकांचे वाद्य आणि त्यांची साधी बैठक स्वीकारून त्याने तीत जॅझ, ब्लूज व अभिजात पाश्चात्त्य संगीत मिसळले.

ध्वनिमुद्रिका : फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट (१९६९) हा पहिला अल्बम लंडनच्या चेल्सी भागातील साउंड टेक्निक्स या स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्या देखरेखीखाली तयार झाला. डॅनी टॉम्प्सन याने डबल बेस व रिचर्ड टॉम्प्सन याने गिटार वाजवून त्यात साथ केली. तंतुवाद्यांच्या रचनेसाठी आधी नेमलेल्या अनुभवी संयोजकाचे काम ड्रेकला मानवले नाही, तेव्हा त्याने केंब्रिजमधील आपला मित्र रॉबर्ट कर्बी याचे नाव पुढे केले. कर्बीने तोवर एकदाही स्टुडिओत काम केलेले नव्हते. तरीही त्याने रचलेल्या तंतुवाद्यांच्या साथीने या अल्बमला वेगळे रूप दिले. स्वभावाने अबोल असलेला ड्रेक संगीताच्या बाबतीत किती ठाम होता, हे या निवडीवरून दिसते. ‘रिव्हर मॅन’ या एका गाण्याची तंतुवाद्यरचना मात्र हॅरी रॉबिन्सन याची आहे. पाश्चात्त्य गीतांत सर्रास आढळणाऱ्या चार मात्रांच्या तालाऐवजी हे गाणे पाच मात्रांत बांधलेले असून त्याची लय नदीसारखी अखंड वाहती राहते.

ब्रायटर लेटर या दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण मुख्यतः १९७० मध्ये झाले. बेस, ड्रम, सॅक्सोफोन व पितळी वाद्ये यांच्या साथीने त्याला अधिक उजळ रूप देण्यात आले; फेअरपोर्ट कन्व्हेन्शनमधील वादकांखेरीज जॉन केल यानेही दोन गाण्यांत साथ केली. या अल्बमकडून निर्मात्यांना यशाची मोठी आशा होती, पण खप वाढला नाही. त्याच सुमारास बॉइडने विचसीझन विकून अमेरिकेत नोकरी पत्करली आणि ड्रेकचा सर्वांत जवळचा पाठीराखा दुरावला. मात्र विक्रीच्या वेळी, ड्रेकचे अल्बम कधीही विक्रीतून काढले जाऊ नयेत, अशी अट बॉइडने घातली होती. तिचे मोल पुढे दिसून आले.

पिंक मून (१९७२) हा तिसरा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत मुद्रित झाला. स्टुडिओत ड्रेक व जॉन वुड हे दोघेच होते. शीर्षकगीतातील पियानोचे काही स्वर वगळता त्यात केवळ गळा आणि गिटार आहे आणि अकरा रचनांचा सारा कालावधी अर्ध्या तासाहूनही कमी आहे. साथसंगत गळून पडल्यामुळे त्याच्या वादनाची घडण येथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

जाहीर कार्यक्रम : १९६० च्या दशकातील ब्रिटनमध्ये लोकगायकाची कारकीर्द फोक क्लबांतून घडत असे. बहुधा एखाद्या मद्यगृहाच्या वरच्या खोलीत किंवा तळघरात आठवड्यातून एकदा भरणाऱ्या या बैठकांत श्रोते ध्रुवपदाला साथ देत आणि गायकाने दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा मारणे, गाण्याची हकीकत सांगणे, चार विनोद करणे हाही कार्यक्रमाचाच भाग समजला जाई. ड्रेकच्या गाण्यांना समूहाने म्हणावे असे ध्रुवपद क्वचितच असे. गाण्यांच्या मध्ये तो काही बोलत नसे आणि तारा नव्याने जुळवण्यात बराच वेळ निःशब्दपणे जाई. तेवढ्यात श्रोत्यांची कुजबुज सुरू झाली, की त्याच्या हळुवार आवाजाला ती भेदून जाणे अशक्य होई.

त्याचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या भीषण मोटार-अपघातात ड्रमवादक गमावलेला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा वृंद त्या रात्री पुन्हा रंगमंचावर येत होता. त्यामुळे दर्दी श्रोते मोठ्या संख्येने जमले होते आणि पूर्वार्धात गायलेल्या ड्रेकला त्यांनी तल्लीन शांततेत ऐकले, असे बॉइडने नमूद केले आहे. या अनुभवामुळे उत्साहित होऊन त्याच्यासाठी बर्मिंगहॅम, हल आदी ठिकाणी कार्यक्रम ठरवण्यात आले. परंतु क्लबांतील श्रोतृवर्ग वेगळा होता. गायक-गिटारवादक मायकेल चॅपमन याच्या सांगण्यानुसार तेथील श्रोत्यांना ध्रुवपदाची गाणी हवी होती आणि संध्याकाळभर एक शब्दही न बोललेल्या ड्रेकच्या संगीताचे मर्म त्यांना उमगले नाही. १९७० मध्ये सँडी डेनी हिच्या फॉदरिंगे या वृंदाच्या कार्यक्रमांतही तो आरंभीचा गायक म्हणून सहभागी झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सरे परगण्यातील ईवेल टेक्निकल कॉलेजात झालेल्या कार्यक्रमात ‘फ्रूट ट्री’ हे गाणे अर्ध्यावर टाकून तो रंगमंचावरून निघून गेला, अशी आठवण सहगायक राल्फ मॅक्टेल याने सांगितली आहे. हा त्याच्या अखेरच्या जाहीर कार्यक्रमांपैकी एक होय.

नभोवाणीवरही त्याचा वावर अल्पच राहिला. ऑगस्ट १९६९ मध्ये बीबीसीवरील जॉन पील याच्या कार्यक्रमासाठी त्याने पाच गाणी मुद्रित केली व त्यांतील तीन प्रसारित झाली. प्रौढ वयातील ड्रेक गाताना दिसेल असे एकही चलच्चित्रण ज्ञात नाही. त्यामुळे त्याच्या जाहीर गायनाविषयीची माहिती जवळजवळ सर्वस्वी श्रोत्यांच्या व सहकलाकारांच्या आठवणींवर अवलंबून आहे.

अखेरची वर्षे : कार्यक्रम थांबले आणि अल्बमही अपयशी ठरले, तसा ड्रेक नैराश्याच्या आजारात अधिकाधिक खोल गेला. तो आईवडिलांकडे टॅनवर्थला राहू लागला व १९७२ मध्ये काही आठवडे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. १९७४ मध्ये त्याने जॉन वुडकडे पुन्हा काही गाणी मुद्रित केली. पूर्वी सलग गात-वाजवीत मुद्रण करणाऱ्या ड्रेकला या वेळी गिटार व गायन वेगवेगळे मुद्रित करावे लागले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी राहत्या घरी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नैराश्यावरील औषधाच्या अतिमात्रेने त्याचे निधन झाले. न्यायिक चौकशीत ही आत्महत्या ठरवण्यात आली. त्याच्या निकटवर्तीयांपैकी काहींना मात्र तो निष्कर्ष मान्य नव्हता. टॅनवर्थच्या चर्चच्या आवारात त्याच्या अस्थी पुरलेल्या आहेत.

मरणोत्तर कीर्ती व मूल्यमापन : बॉइडच्या अटीमुळे ड्रेकचे अल्बम बाजारात उपलब्ध राहिले आणि नव्या पिढीतील संगीतकारांनी त्यांचा शोध घेतला. १९७९ मध्ये फ्रूट ट्री या संचात तिन्ही अल्बम व अखेरची गाणी एकत्र प्रसिद्ध झाली. १९८५ मध्ये ड्रीम अकॅडमी या वृंदाने आपले गाजलेले गीत त्याला अर्पण केले. १९९४ च्या वे टू ब्लू या संकलनाने त्याचा श्रोतृवर्ग वाढवला आणि अमेरिकेत फोक्सवॅगन मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वापरले गेल्यानंतर तेथील त्याच नावाच्या अल्बमचा वार्षिक खप १९९९ मधील सुमारे ६,००० वरून २००० मध्ये सुमारे ७४,००० पर्यंत गेल्याची नोंद आहे. रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकाने २००३ मध्ये केलेल्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याच्या तिन्ही अल्बमांचा समावेश होता. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाउ याने ‘रिव्हर मॅन’ आपल्या मैफलींत आणले.

अकाली मृत्यूमुळे ड्रेकभोवती शोकनायकाचे वलय निर्माण झाले व त्याची गाणी केवळ आजाराची रोजनिशी म्हणून ऐकण्याची प्रवृत्ती बळावली. परंतु ती त्याच्या कलेवर अन्याय करणारी आहे. पाच मात्रांचा ताल, काटेकोर वादन आणि साथीदारांची डोळस निवड यांतून दिसतो तो आपल्या साधनांवर हुकमत असलेला कारागीर. त्याचे संगीत एकट्याने, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा ऐकण्याचे होते, तर त्याच्या काळातील लोकगायकाला नाव मिळत असे ते गजबजलेल्या खोलीत. जाहीर कार्यक्रमांतील त्याचे अपयश हे या विसंगतीचे फळ होते. त्यावरून त्याच्या प्रतिभेचे माप काढता येत नाही. ध्वनिमुद्रण हेच ज्याचे खरे व्यासपीठ ठरले, अशा आधुनिक गायक-गीतकारांत ड्रेकचे स्थान अग्रभागी आहे.