बारा तासांतली तेहतीस मिनिटे

इंग्लंडातील यॉर्क नगरात १७८३ साली, बालपणीच श्रवणशक्ती हरपलेल्या जॉन गुडरिक या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाने, ययातीतील अल्गोल ताऱ्याचे तेज पावणेतीन दिवसांहून किंचित अधिक अवधीने नियमित क्षीण होते हे अनेक रात्री निरखून, त्या ताऱ्याच्या आड एखादा काळोखा सोबती येत असावा असा तर्क रॉयल सोसायटीला कळवला. प्रकाशाच्या चढउतारावरून अदृश्याचा माग काढण्याची जी विद्या त्या वेळी रूढ झाली, तिच्याच आधारे २००३ साली चेक ज्योतिर्विद पेत्र प्राव्हेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९६ मध्ये सापडलेल्या डिडिमॉस या लघुग्रहाभोवती एक चिमुकला चंद्र फिरतो असे ओळखले. अरेसिबो वेधशाळेच्या रडारनेही त्याची खातरजमा केली.

पुढे डायमॉर्फस हे नाव मिळालेला हा चंद्र जेमतेम दीडशे मीटर रुंदीचा. सुमारे पाऊण किलोमीटर रुंदीच्या डिडिमॉसभोवती त्याची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती. लघुग्रहाला धक्का देऊन त्याचा मार्ग पालटता येतो काय, हे आजमावण्याची तजवीज नासाने केली तेव्हा लक्ष्य म्हणून याच जोडीची निवड झाली, आणि माझ्या मते मोहिमेचे निम्मे यश या निवडीतच सामावले होते. सूर्याभोवती धावणाऱ्या एकाकी लघुग्रहाच्या वेगातला सूक्ष्म फरक उमगायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली असती. चंद्राच्या प्रदक्षिणेतला फरक मात्र दर फेरीगणिक साचत जातो आणि ग्रहणांच्या वेळांवरून काही दिवसांतच हिशेबात धरता येतो.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या या मोहिमेचे सुमारे ५८० किलो वजनाचे डार्ट यान सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने डायमॉर्फसवर समोरून आदळले. सेकंदाला सतरा सेंटिमीटरच्या आसपास असलेली त्या चंद्राची गती या आघाताने जेमतेम २.७ मिलिमीटरनी घटली. परंतु गती मंदावताच तो डिडिमॉसच्या अधिक जवळ ओढला गेला, आणि कक्षा आखूड झाल्यामुळे मंदावलेल्या चंद्राची प्रदक्षिणाच उलट लवकर पुरी होऊ लागली. यशाची किमान मर्यादा ७३ सेकंदांची ठरवलेली असता प्रत्यक्ष घट भरली सुमारे ३३ मिनिटांची. एवढा परिणाम एकट्या यानाच्या संवेगाने घडणे शक्यच नव्हते. आघाताने अवकाशात उसळलेल्या खडकधुळीने मागे हटताना चंद्राला दिलेला प्रतिधक्का त्यात मिळाला होता.

या प्रतिधक्क्याने यानाचा संवेग किती पटींनी वाढवला, याचा सुमारे ३.६ हा आकडा डायमॉर्फसची घनता डिडिमॉसइतकीच मानून काढलेला आहे. तो पक्का करायचा तर त्या चंद्राचे वस्तुमान जागेवर जाऊनच मोजले पाहिजे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या युरोपीय अवकाश संस्थेच्या हेरा यानाकडे तेच काम सोपवलेले आहे.