लॅपटॉपला मॉनिटर जोडला, पण ‘नो सिग्नल’ दिसतंय? दुकानात जाण्यापूर्वी हे तपासा

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर ‘नो सिग्नल’ दिसलं, की मॉनिटरच बिघडला असं वाटतं. पण हा संदेश दिसतोय म्हणजे मॉनिटरला वीज मिळते आहे आणि त्याचा पडदा चालू आहे. लॅपटॉपकडून येणारं चित्र मात्र वाटेत कुठेतरी अडलंय. ते शोधायला सुरुवात फुकटच्या उपायांपासून करा.

१. मॉनिटरचं इनपुट बघा
मॉनिटरला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए असे दोन-तीन पोर्ट असतात. केबल ज्या पोर्टला लावली आहे, तोच पर्याय मॉनिटरच्या बटणांवरून ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’मध्ये निवडा.

२. लॅपटॉपला सांगा
विंडोजमध्ये ‘विंडोज’ आणि ‘पी’ ही बटणं एकत्र दाबा. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं असेल, तर मॉनिटर कोराच राहणार. दोन्हीकडे तेच चित्र हवं असेल तर ‘डुप्लिकेट’, कामाची जागा वाढवायची असेल तर ‘एक्स्टेंड’ निवडा. तरीही काही दिसलं नाही, तर ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘बी’ एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी झाली तर घाबरू नका.

३. केबल बदलून पाहा
दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा. घरात सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल असेल, तर ती लावून बघा. मग लॅपटॉप त्याच केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर लॅपटॉप आणि केबल ठीक आहेत. मॉनिटरचा पोर्ट किंवा सेटिंग तपासायला हवं.

४. टाइप-सी पोर्ट नीट ओळखा
बरेच जण इथेच फसतात. टाइप-सी पोर्ट दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकातून चित्र जात नाही. त्यासाठी पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ किंवा ‘थंडरबोल्ट’ची सोय लागते. पोर्टशेजारी विजेच्या बाणाचं किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची माहिती वाचा. केबलचंही तसंच. मोबाइल चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल अनेकदा चित्र नेऊ शकत नाही.

५. अडॅप्टरची दिशा
डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल सहसा एकाच दिशेने चालते: लॅपटॉपकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट जोडली तर चित्र येत नाही. एचडीएमआयवरून जुन्या व्हीजीए मॉनिटरवर जायचं असेल, तर साधी जोडणी पुरत नाही. डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारा कन्व्हर्टर लागतो.

चित्र येतं, पण कुरबुर आहे?
४के मॉनिटरवर माउस अडखळत असेल, तर ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट बघा. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच चालतं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० लागतं, तेही लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हीकडे. आणि २०२०च्या एम१ मॅकबुक एअरला दुसरा मॉनिटर लावल्यावर तो चालत नसेल, तर तो बिघाड नाही: हे मॉडेल थेट एकच बाह्य मॉनिटर चालवतं.

एवढं करूनही चित्र आलं नाही, तर दुरुस्तीला न्या. मात्र कोणकोणत्या केबलने आणि पोर्टने करून पाहिलं, ते तिथे आधीच सांगा. म्हणजे चांगली असलेली वस्तू बदलायची वेळ येणार नाही.